लाईन मेलीय, चढ

“किती झाले?”

“नऊशे बारा.”

“नऊशे बारा काय?”

“अंगठे.”

बायको शेंगा सोलत होती. हातातली शेंग तशीच धरून तिने मान वर केली. “एवढे अंगठे तर आपल्या गावात मतदानालाही पडले नव्हते. सगळे अडाणी जमलेत का तिथं?”

“तसले अंगठे नव्हेत गं. आवडलं की दाबतात, तसले. फोनवरच्या कट्ट्याच्या राखणदाराने माझं लिखाण सगळ्यात वर टांगलंय. महिनाभर तिथंच राहणार म्हणे.”

“टांगलं जाणं तुमच्या नशिबातच आहे. खांबावर तुम्ही, तिकडे तुमचं लिखाण.” तिने शेंगेचं साल टोपलीत टाकलं. “मग तोंड का असं पाडलंय? चार वर्षं कुणी वाचत नाही म्हणून कुढत होता. आता वाचतायत, तर मेल्यागत बसलाय.”

त्याने फोन पालथा घातला आणि बूट ओढले.

माणूस लाईनमन. वीजखात्यात एकवीस वर्षं झालेली. अंगाने काटक, बोलायला कंजूष, आणि हाताला असे घट्टे, की फोनच्या काचेला त्याचं बोट कळायचंच नाही. एकेक अक्षर दोन-दोनदा दाबावं लागायचं. असल्या बोटांनी हा गडी परग्रहावरच्या गोष्टी लिहितो, हे खात्यात कुणाला कळलं असतं तर त्याला हसून हसून खांबावरून पाडला असता. म्हणून त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. घराबाहेर एकालाच ठाऊक होतं, त्याच्या जोडीदाराला.

जोडीदाराला सगळे माकड म्हणायचे. शिडी न लावता खांब चढायचा म्हणून. त्यालाही त्याचं वाईट वाटत नव्हतं, फोन उचलला की स्वतःच म्हणायचा, “माकड बोलतोय.” चौदा वर्षं दोघांची जोडी. एक वर, एक खाली. दुपारी गाडीच्या सावलीत डबे उघडले की लाईनमन आपली नवी कथा वाचून दाखवायचा, आणि माकड बोटं चाटत म्हणायचा, “तुझ्या यानात फ्यूज कुठाय? एवढं लोखंड आभाळात नेलंस आणि फ्यूज नाही. पडणार बघ ते.” बाकी समीक्षा नाही. पण ऐकायचा शेवटपर्यंत.

विज्ञानकथांच्या वेड्यांचा एक कट्टा आहे फोनवर. तिथं कुणाला खरं नाव नाही. एक ‘शिळा धूमकेतू’, एक ‘दुसरी पृथ्वी’, एक बाई ‘गुरुत्वाकर्षण नको’. कोण कुठं बसतो, काय करतो, कुणी विचारत नाही. हा तिथं ‘खांबावरचा’. कट्ट्याचा मालक म्हणा, पाटील म्हणा, त्याला सगळे राखणदार म्हणायचे. त्याचे नियम कडक. नव्याने आधी दहा जणांचं वाचायचं, त्याखाली चार बऱ्या ओळी लिहायच्या, मग आपलं मांडायचं. गप्पांची खोली वेगळी, कथांची वेगळी. सरमिसळ दिसली की राखणदार उचलून टाकायचा.

लाईनमनने पहिल्याच आठवड्यात माती खाल्ली. कुणाच्या तरी कथेतला नायक उघड्या हाताने तार धरून शहरभर दिवे लावतो. त्याखाली याने लिहिलं, ‘असं होत नाही. हात जळतो. दिवे लागत नाहीत.’ पंधरा जण अंगावर धावून आले. मग तो शहाणा झाला आणि सगळ्यांना ‘छान’ लिहायला लागला. तरी त्याच्या स्वतःच्या कथा विहिरीत दगड टाकावा तशा जायच्या. डुबुक, की पाणी पुन्हा सपाट. सतरा कथा टाकल्या. सगळ्यात जास्त अंगठे सहा, त्यातला एक त्याचाच, चुकून दाबला गेलेला.

आता लाईनमन लोकांची बोली समजून घेतली पाहिजे, नाहीतर पुढचं सांगून उपयोग नाही. तारेत वीज असली तर हे म्हणतात, लाईन जिवंत आहे. बंद केली की लाईन मेली. लाईन म्हणजे ‘ती’. ती धरते, ती ओढते, ती सोडत नाही. आज चवताळलीय, आज झोपलीय. यात काव्यबिव्य काही नाही. गवंडी विटेला वीट म्हणतो, तसंच हे.

तर गेल्या वर्षीची गोष्ट. एका गल्लीत एकाच खांबावरून दोन लाइनी जातात. एक गिरणी लाईन, दुसरी जुनी गिरणी लाईन. गिरण्या दोन्ही कधीच बंद पडल्या, नावं तेवढी मागे राहिली. त्या दिवशी जुनी गिरणीवर जोडाची तार जळाली होती. पद्धत अशी, की खालच्या माणसाने सबस्टेशनला फोन करून लाईन बंद करून घ्यायची. मग लोखंडी साखळी तारांवर फेकायची. चुकून लाईन जिवंत असलीच, तर आग साखळीवर पडते, माणसावर नाही. आणि मगच वरच्याला सांगायचं, मेली, चढ.

खाली लाईनमन होता. फोन काढला तर त्यावर राखणदाराची चिठ्ठी येऊन पडलेली, सतराव्या कथेबद्दल. एकच ओळ: ‘भाषा ठीक, पण कथेत जीव नाही.’ ती त्याने दोनदा वाचली. डोक्यात तिडीक गेली. त्याच तिडिकीत त्याने सबस्टेशन लावलं आणि म्हणाला, “गिरणी बंद कर.”

‘जुनी’ तोंडातच राहिलं.

साखळी गाडीत होती, गाडी गल्लीच्या तोंडाशी. माकडाने विचारलं, “आणू का?”

“बंद केली म्हणाला तो. लाईन मेलीय, चढ.”

माकड चढला. ती जिवंत होती.

चौकशी साहेबांच्या खोलीत पाऊण तासात उरकली. सबस्टेशनचा ऑपरेटर म्हणाला, मला गिरणी सांगितली, मी गिरणी बंद केली. लाईनमन म्हणाला, मी जुनी गिरणी सांगितली. आणि सांगता सांगता त्याला ते स्वतःलाच खरं वाटायला लागलं. साहेबांनी पेनाचं टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं. “तुम्ही दोघं लेकराबाळांची माणसं. एकाला वाचवावं तर दुसरा बुडतो. माकड घाईचा होता ना रे?” दोघांच्या माना हलल्या. “मग तो न विचारता चढला. मेलेल्याची काय बढती थांबायचीय?” कागदावर लिहिलं गेलं: मयताचा स्वतःचा निष्काळजीपणा. खाली तिघांच्या सह्या. सुंठीवाचून खोकला गेला.

गेला साहेबांचा. माकडाच्या बायकोला मात्र तो कागद जन्माचा चिकटला.

ती घरी कपड्यांना इस्त्री करून देते. पुढची खोली म्हणजे दुकान, मागची म्हणजे घर. लाईनमन दर आठवड्याला जायचा. इस्त्रीची वायर बघायचा, बोर्डाचा स्क्रू आवळायचा. आणि दर आठवड्याला तिचं तेच. माकड गेला त्या दिवशी सकाळी नवराबायकोचं वाजलं होतं, डब्याच्या झाकणावरून. झाकण नीट बसलं नव्हतं, आमटी पिशवीत सांडली, आणि ती बोलून गेली होती, “एवढे खांब चढता, एक झाकण लावता येईना.” तो तशीच पिशवी उचलून निघून गेला.

“डोक्यात राग घेऊन चढले भावोजी,” ती इस्त्री दाबत म्हणायची. “नाहीतर न विचारता चढणारा माणूस होता का तो? कागदावर लिहिलंय ते मीच लिहून घेतलंय. माझ्या जिभेनं.”

लाईनमन खाली बसून वायर सोलत ऐकायचा. “तसं नाही वहिनी,” एवढंच म्हणायचा. मग कसं, ते सांगायचा नाही.

सांगायचं होतं. उंबऱ्याशी आला की हात आपोआप वायरकडे जायचा. शेवटी त्याने विचार केला, जिथं आपल्याला कुणी ओळखत नाही तिथं आधी सांगून बघू. कुणीतरी म्हणेलच, मेल्या, तू मारलंस त्याला, ऊठ आणि त्याच्या बायकोला सांग. एकाने म्हटलं तरी पाय उचलतील.

अकरा दिवस तो लिहीत होता, गाडीच्या सावलीत, एकटा. खात्यातल्या कुणी ओळखू नये म्हणून त्याने गिरण्यांची नावं गाळली, गाव गाळलं, साल गाळलं. डब्याचं झाकण तर लिहिलंच नाही, ते वहिनीचं होतं. सुरुवात केली ती अशी: ‘मी म्हणालो, लाईन मेलीय, चढ. ती मेली नव्हती. ती जिवंत होती. तिने माझ्या जोडीदाराला धरलं आणि सोडलं नाही.’ मग साखळी, मग साहेब, मग सही. शेवटी: ‘मी आता काय करू?’ आणि गप्पांच्या खोलीत टाकून दिलं.

दुसऱ्या दिवशी पाहतो तर लिखाण कथांच्या खोलीत. खाली राखणदाराची चिठ्ठी: ‘चुकून गप्पांमध्ये पडली होती, योग्य जागी हलवली आहे. खांबावरचे, या कथेत जीव आहे.’

‘शिळा धूमकेतू’ने लिहिलं होतं, तारा हाच तिथला सजीव वंश आणि माणसं त्यांची चाकर, ही कल्पना अफाट. ‘दुसरी पृथ्वी’ला शंका होती, की मेलेली लाईन पुन्हा जिवंत होते म्हणजे त्यांच्यात पुनर्जन्म असतो का. ‘गुरुत्वाकर्षण नको’ म्हणाली, साहेब तारांना फितूर आहे, मी पहिल्या वाक्यातच ओळखलं. याने घाईघाईने खाली लिहिलं, ‘ही कथा नाही. मी खरंच लाईनमन आहे. हे झालेलं आहे.’ नुसत्या त्या तीन वाक्यांना एकशे चाळीस अंगठे पडले. ‘शेवटपर्यंत भूमिका सोडत नाही पठ्ठ्या,’ कुणीतरी म्हणालं. याने लिहिलं, ‘मी त्याला मारलं.’ त्यावर उत्तर आलं, ‘अंगावर काटा.’

आणि इथून पुढे त्याची बाजू घ्यायची सोय नाही. कारण त्याला ते गोड लागलं. चार वर्षं उपाशी असलेला माणूस, समोर ताट आलं, कुणाच्या तेराव्याचं आहे हे बघायचं भान राहिलं नाही. डब्याआधी फोन उघडायला लागला. आकडे पाठ व्हायला लागले. तिसऱ्या दिवशी ‘शिळा धूमकेतू’ने सुचवलं, बाकी सगळं झकास, पण शेवट कोरडा आहे. मेलेला माणूस त्या तारेत उतरलाय आणि बायकोला हाक मारतोय, असं केलं तर?

लाईनमनने ते वाचलं आणि बाजूला थुंकला. मग जेवला. मग हात धुतले, आणि एकेक अक्षर दोन-दोनदा दाबत ‘मी आता काय करू’ पुसलं. त्या जागी लिहिलं: ‘अजूनही पहाटे तारा गुणगुणतात. कान दिला तर ऐकू येतं. तो तिला नावाने हाक मारतो.’

एका ओळीने अंगठे दुप्पट झाले. कुणा बाईने ती कथा आपल्या आवाजात वाचली, मागे तारांचा घूं घूं आवाज घातला आणि दिली सोडून जगभर. राखणदाराने ती महिन्याची कथा म्हणून वर टांगली. नऊशे बारा.

त्या सकाळी बूट चढवता चढवता त्याच्या लक्षात आलं की बायको शेंगा सोडून त्याचा पालथा फोन उचलून वाचतेय. ती हळू वाचते, ओठ हलवत. वाचून झाल्यावर तिने फोन ठेवला.

“हे माकडभावोजींचं आहे का हो?”

नऊशे बारा लोकांना जे सुचलं नव्हतं, ते तिने विचारलं. एका माणसाने विचारावं म्हणून तर त्याने हा सगळा उपद्व्याप केला होता.

“गोष्ट आहे गं,” तो म्हणाला आणि नाडी बांधायला वाकला. नाडी आधीच बांधलेली होती.

जिना उतरताना त्याला स्वतःची किळस आली. तसाच तो साहेबांच्या खोलीत गेला.

“साहेब, तो कागद बदलायचाय. मी जुनी म्हणालो नव्हतो.”

साहेबांनी उठून दार लोटलं. “ठाऊक आहे मला.”

“म्हणजे?”

“ऑपरेटर ऐकलेलं लगेच वहीत लिहितो. वहीत गिरणी आहे. मी त्याच दिवशी पाहिलं.” ते पुन्हा खुर्चीत बसले. “हे बघ, ती फाईल मेलीय. तू तिला जिवंत करशील, आणि ती तुला धरेल, मला धरेल, त्या ऑपरेटरला फुकटात धरेल. आणि माकड काय खाली उतरणारे का? जा, कामाला लाग.”

तो कामाला गेला नाही. वहिनीकडे गेला.

ती पांढऱ्या शर्टाची कॉलर दाबत होती. तो बसला नाही. बसला असता तर वायर हातात घेतली असती आणि पुन्हा तोंड मिटलं असतं. उंबऱ्यात उभ्या उभ्याच एका दमात बोलून टाकलं. “वहिनी, मी चुकीची लाईन बंद करून घेतली. साखळी आणू का, त्याने विचारलं होतं. मी नको म्हणालो. मी म्हणालो, लाईन मेलीय, चढ. तो न विचारता चढला नाही. त्यात तुमचं, झाकणाचं काही नाही. माझं आहे सगळं.”

तिने इस्त्री उभी करून ठेवली. त्याच्याकडे बघितलं. मग तिचा चेहरा मऊ झाला, आणि त्या मऊपणाची लाईनमनला भीती वाटली.

“तुम्हीही ऐकलीत वाटतं ती.”

“काय?”

“तारांची गोष्ट. हात अडकलेले असतात, कान मोकळे, म्हणून फोनवर काहीबाही लावते मी. शेजारच्या शिवणाऱ्या बाईंनी पाठवली. ‘लाईन मेलीय, चढ.’ तसंच्या तसं बोललात तुम्ही.”

“ती मीच लिहिलीय वहिनी.”

वर्षभरात पहिल्यांदा ती हसली. “तुम्ही? त्या बोर्डाकडे बघा जरा. पंख्याच्या बटणाखाली ‘पखा’ लिहून ठेवलंय तुम्ही. टिंब द्यायला तुम्हाला सवड नाही.” शर्टाची बाही ओढून तिने सरळ केली. “माझ्या समाधानासाठी गोष्टीतलं उचलून आणलंत. कळतं मला. मन चांगलं आहे तुमचं.”

“खरं सांगतोय.”

“शेवटी तो तारेतून बायकोला नावाने हाक मारतो. तेही खरं?”

“ते खोटं आहे,” तो म्हणाला. “ते मी मागनं घातलं.”

“मग आधीचंही कुणीतरी घातलेलंच असणार.” ती बाहीवर पाणी शिंपडत राहिली. “आमच्यांनी मला कधी नावाने हाक मारली नाही हो. ‘ऐकलं का’ म्हणायचे. तरी ती गोष्ट ऐकल्यावर दोन दिवस पहाटे मी दारात जाऊन उभी राहिले, तारांखाली. म्हटलं, बघू तरी. काही नाही. नुसतं घूं घूं.” इस्त्री पुन्हा टेकली, वाफेचा आवाज झाला. “तेव्हाच समजले. रागात गेलेला माणूस कशाला हाक मारेल?”

लाईनमनने खिशातून फोन काढला, ‘खांबावरचा’ दाखवायला. घट्टा पडलेलं बोट काचेवर घासलं, एकदा, दोनदा. काचेला ते कळेना.

“राहू द्या,” ती म्हणाली. “माझं माझ्यापाशी राहू द्या भावोजी.”

तेवढ्यात त्याच फोनवर घंटी वाजली. खात्यातून होता. जुनी गिरणीवर तार लोंबतेय, लगेच या.

तो वळला तशी ती मागून म्हणाली, “सांभाळून चढा. घरून भांडून नाही ना निघालात?”

“नाही,” तो म्हणाला.

गल्ली तीच. नवा जोडीदार निवृत्तीला आलेला, गुडघ्यांनी बेजार, खांबाला टेकून उभा होता. गाडी या वेळी खांबाला चिकटून लावलेली. लाईनमनने सबस्टेशन लावलं. “जुनी गिरणी बंद कर. जुनी. म्हणून दाखव.”

“जुनी गिरणी. किती वेळा म्हणून घेशील रे? बंद केली.”

“पुन्हा म्हण.”

“जुनी गिरणी बंद.”

त्याने साखळी फेकली. ती तारांवर आपटून खणकन लोंबली. आग नाही, काही नाही.

“मेली का?” नव्या जोडीदाराने पट्टा आवळत विचारलं.

लाईनमनला ‘मेली, चढ’ म्हणवेना. त्याने पुढे होऊन म्हाताऱ्याच्या कमरेचा पट्टा सोडला, स्वतःच्या कमरेला बांधला, आणि चढायला लागला. अर्ध्यावर खिशात फोन थरथरला. मग पुन्हा थरथरला. वर पोचल्यावर त्याने उघडा हात तारेवर ठेवला आणि जरा तसाच थांबला. तार थंड होती. त्याने पक्कड काढली आणि जोड आवळायला घेतला.